झऱ्याचा पत्ता

१४ ऑगस्ट, मंगळवार

एकवीस महिन्यांत या वहीत एक ओळ नाही. शेवटची नोंद आई गेली त्या आठवड्यातली, आणि तीही "आज शेजारणींनी" एवढ्यावर तुटलेली. शेजारणींनी काय केलं ते आता आठवत नाही. वही, तुझी माफी मागते. आरोग्यकेंद्राच्या घरभेटींत दिवसभर इतरांची घरं कागदावर उतरवून आल्यावर स्वतःबद्दल लिहायला हात उचलत नाही, असं मी मनाला सांगत आले. ते पूर्ण खरं नसावं.

आज लिहायला कारण आहे. गावच्या पाणी समितीने मला चिटणीस केलं. अध्यक्ष एव्हेलियोकाका म्हणाले, "आमच्यात शिकलेली तू एकटीच. आम्ही खणू, तू लिही." 

परिस्थिती नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे माझी आठवण तीत भर घालणार नाही. शाळेच्या वरच्या बाजूच्या झऱ्यातून आमच्या सान व्हिदालला पस्तीस वर्षं नळाचं पाणी येत होतं. झऱ्याच्या वरच्या उतारावर अननसाचा मळा आला. तण मारायचं औषध पावसाने झिरपत खाली आलं. पाण्याचा नमुना मीच बर्फाच्या पेटीत घालून तपासणीला नेला होता. एप्रिलमध्ये चर्चच्या दारावर कागद लागला: नळाचं पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी टँकर येतो.

आता वरच्या जंगलात दुसरा झरा शोधायचा, राजधानीतल्या पाणी कार्यालयाला अर्ज करायचा, त्यांचा इंजिनिअर येऊन बघणार, मग नळ. या वर्षीचा निधी हवा तर सगळं नोव्हेंबरअखेर व्हायला हवं.

एर्मिदाआजीला हे सांगायला गेले. वय एक्क्याऐंशी, एकटी राहते, गुडघे गेलेले. टँकरपर्यंत येणं तिला जमत नाही, तिचे दोन कॅन मी पोचवते. तिचा मुलगा हाइरो हेरेदिया शहरात असतो. त्याने बजावलंय की वर्ष संपेपर्यंत नळाला पाणी आलं नाही तर तो तिला घेऊन जाईल.

"तिसऱ्या मजल्यावर राहतो तो," आजी म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर कोंबडी तरी ठेवतं का कोणी? मग मला कशाला?"

तिने गुळाचं गरम पाणी दिलं. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो, तो गुळातही लपत नाही. तिने एक घोट घेतला आणि कप तसाच ठेवला. "हानिया, आपल्या पाण्याची चव तुला आठवते का गं?"

"आठवते," म्हणाले. खरं तर नाही आठवत. रोज प्यायलेल्या पाण्याची चव कोण लक्षात ठेवतं?

१७ ऑगस्ट, शुक्रवार

घरभेटीचा नवा तक्ता आला. अठरा वर्षांत हा पाचवा. एका घराला पंचवीस मिनिटं. "पाण्याची सोय" या रकान्यात दोनच खुणा: घरात नळ आहे, घरात नळ नाही. नळ तर आहे. म्हणून प्रत्येक घरी "आहे" वर खूण केली आणि समासात लिहिलं: पण पाणी पिण्याजोगं नाही.

केंद्रातले डॉक्टर म्हणाले, "समासातलं संगणकात जात नाही, हानिया." म्हणजे संगणकाच्या मते सान व्हिदालला शंभर टक्के नळ आहेत आणि आमचं सगळं छान चाललंय. मी तरी समासात लिहीतच आहे. हा हट्ट की प्रामाणिकपणा, हे मला ठरवता आलेलं नाही.

टँकर साडेआठला आला. वेळेवर.

२८ ऑगस्ट, मंगळवार

टँकर आठ चाळीसला. मंगळवार-शुक्रवारच्या घरभेटी मी टँकरच्या थांब्याजवळच्या घरांपासून सुरू करते आहे. पाणी कसं वाटलं जातं यावर आरोग्यखात्याच्या माणसाची नजर असावी, म्हणून.

सोराइदा रांगेत होती. तिचं तोंड म्हणजे उघडा नळ. "बघा बघा, आपल्या बाईंची बादली केवढीशी आणि रांगेत नंबर पहिला! आणि आज कानात डूल पण!"

बायका हसल्या. मी म्हटलं, डूल आईचे आहेत, पडून खराब होतात. ते खरं आहे.

ड्रायव्हर ओल्हेर यांनी नळी धरल्या धरल्या म्हटलं, "सोराइदाबाई, तुमची बादली तीन वेळा भरली. घरी हत्ती पाळलाय का?"

"हत्ती कुठला, नवरा!"

एर्मिदाआजीचे कॅन ते स्वतः भरतात, काठोकाठ. आज म्हणाले, "आजींना सांगा, आदल्या रात्री झाकण उघडं ठेवलं तर वास उडतो. माझी बायको तसं करायची."

करायची. म्हणजे आता करत नाही. त्या बाई कुठे आहेत हे मी विचारलं नाही. अठरा वर्षं परक्या घरांत शिरून विचारते आहे: कोण कोणाबरोबर राहतं, पाळी कधी आली, लग्न झालंय की नुसतं एकत्र राहता. तोंडातून सहज निघतं. कारण हातात तक्ता असतो.

८ सप्टेंबर, शनिवार

झरा मिळाला.

एव्हेलियोकाकांना वाट माहीत होती. ओल्हेर यांनी सुट्टी असून रिकामा टँकर काढला आणि आम्हाला जुन्या बर्फाच्या कारखान्यापर्यंत नेलं. म्हणजे कारखाना होता तिथपर्यंत. एक्क्याण्णवच्या भूकंपानंतर तिथे फक्त गवत आहे. पुढे पायी. वर पोचल्यावर एव्हेलियोकाकांना एकदम आठवलं की चुलतभावाकडे नवं वासरू झालंय. ते तिकडे गेले आणि दोन तासांनी आले.

खडकाखालून पाणी येतं. मनगटाएवढी धार, थंड. वर फक्त जंगल. आम्ही खडकावर बसून डबे उघडले. माझा भात-राजमा, त्यांची उकडलेली केळी. ते फार बोलत नाहीत. एकदा म्हणाले, "दोन वर्षं टँकर चालवतोय, पण पाणी कुठून निघतं ते आज बघतोय." 

मग म्हणाले, "तुमचा नळ सुरू झाला की मला ग्वानाकास्ते प्रांतात पाठवतील. तिकडे उन्हाळ्यात विहिरी आटतात."

मी म्हटलं, चांगलं आहे, तिथे गरज जास्त आहे.

त्यांनी मान हलवली. मी ओंजळीने प्यायले. आणि तेव्हा आठवलं, आपल्या पाण्याला चव कशी असायची. चव नव्हतीच. तेच तर.

९ सप्टेंबर, रविवार

अर्ज भरला. "झऱ्याचे ठिकाण" या रकान्यात लिहिलं: जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून सातशे मीटर पश्चिमेला, मग डावीकडच्या वाटेने वर. सगळं एका बैठकीत, न अडखळता लिहून झालं. इतक्या हलक्या मनाने सरकारी कागद मी कधी भरला नसेल. उद्या टपालात.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

टँकर आला नाही. अकरापर्यंत थांबले. लोकांचे हाल. दिवस फार लांबला.

२५ सप्टेंबर, मंगळवार

टँकर आला. शुक्रवारी पूल पाण्याखाली होता, म्हणून येता आलं नाही. ओल्हेर यांनी न विचारता सांगितलं. आजीकडे आज उशिरा पोचले, तर म्हणाली, "पोरी, आज तुझ्या हाताला चव आहे." मी फक्त कॅन ठेवले होते.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

इंजिनिअर मागच्या आठवड्यात येऊन गेला म्हणे. आम्हाला कोणालाच भेटला नाही. एव्हेलियोकाका खूश: "काम बघतो, गप्पा मारत नाही. असाच माणूस हवा." हाइरोला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "बघू."

मंगळवारी थांब्यावरच्या पोरांना पाणी उकळण्याबद्दल सांगत होते. माझा आवाज चढा लागतोय असं वाटलं. मुलांना ऐकू जावं म्हणून.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र आलं. "दिलेल्या पत्त्यावर झरा आढळला नाही. कोरडी घळ आहे. प्रकरण बंद."

एव्हेलियोकाकांनी तीन वेळा वाचून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं. नदीच्या पलीकडच्या गावातही बर्फाचा कारखाना होता. तोही पडलेला. इंजिनिअरने नाक्यावर विचारलं असणार, जुना बर्फाचा कारखाना कुठे? तिथल्या लोकांनी त्यांच्या गावातला दाखवला असणार. आपल्याकडे कोणीही तेच केलं असतं. माझ्या तक्त्यातल्या निम्म्या घरांचे पत्ते आता नसलेल्या गोष्टींवरून आहेत: जिथे वडाचं झाड होतं, जिथे चिनी माणसाचं दुकान जळलं, जिथे थोरली शाळा होती. ज्याने त्या पाहिल्यात त्याच्यासाठी त्या अजून उभ्या आहेत.

"तुझी चूक नाही," एव्हेलियोकाका म्हणाले. "मी पण असंच लिहिलं असतं."

पण ते चिटणीस नाहीत.

२४ ऑक्टोबर, बुधवार

नीट आठवून लिहिते. अर्जावर त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती: अक्षांश, रेखांश. ती मी रिकामी सोडली. आरोग्यकेंद्रात जीपीएसचं यंत्र आहे. डेंग्यूच्या मोहिमेत घरं नोंदायला आम्ही ते वापरतो. आठ सप्टेंबरला मी ते सही करून घेतलं होतं. माझ्या पिशवीत होतं. खडकावर पिशवी माझ्या पायाशी होती. बटण दाबून दोन मिनिटं थांबायचं, एवढंच.

ते मी बाहेर काढलं नाही. का?

दमले होते, हे एक कारण. पण दमले नव्हते. विसरले, हे दुसरं. मी विसरत नाही. या गावातल्या प्रत्येक मुलाची लस मला तारखेनिशी पाठ आहे. तिसरं कारण शोधते आहे, ते सापडत नाही.

आज कार्यालयाला फोन केला. बाई सौजन्याने बोलली. प्रकरण पुन्हा उघडता येईल: नवा अर्ज, अक्षांश-रेखांश, झऱ्यावर हजर असलेल्या दोघांच्या सह्या, आणि चूक कशी झाली याचं लेखी स्पष्टीकरण. तीस नोव्हेंबरच्या आत.

४ नोव्हेंबर, रविवार

पत्राचं कळताच हाइरो आजीला घेऊन गेला.

मी म्हटलं, नव्या अर्जाला अजून सव्वीस दिवस आहेत. तो वाईट माणूस नाही. गाडीत सामान भरताना म्हणाला, "हानियाताई, तुम्ही सगळे चांगले आहात. पण आईला चांगुलपणा पाजता येत नाही हो."

आजीने कोंबड्या सोराइदाला दिल्या, नावं सांगून. गाडीत बसण्याआधी अंगणातल्या नळाशी गेली, तोटी सोडली, पाणी हातावर घेतलं, प्यायली नाही. पुन्हा बंद केली. घट्ट, जशी नेहमी करते.

"पाणी आलं की मला सांग. दुसऱ्याच्या तोंडून नको, तू सांग."

"सांगेन."

पत्ता कोणी चुकीचा लिहिला ते मी तिला सांगितलं नाही. तिने मला मिठी मारली, तिच्या शालीला चुलीच्या धुराचा वास होता.

६ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊस अकरा दिवस थांबलेला नाही. वरची वाट खचली आहे, म्हणून झऱ्यावर जाणं झालं नाही. हे नोंदवते, आणि हेही नोंदवते की स्पष्टीकरणाचा मसुदा घरात कोरड्या जागी बसूनही पूर्ण झालेला नाही. चार वेळा लिहिला. "घाईत अनवधानाने" असं लिहिते आणि खोडते.

हेरेदियाला फोन केला. आजीला सगळं सांगितलं.

"यंत्र पिशवीतच राहिलं?"

"हो, आजी."

"बरोबर कोण होतं?"

"एव्हेलियोकाका वासरू बघायला गेले होते. टँकरवाले ओल्हेर होते."

"हं," आजी म्हणाली. नंतर हसल्यासारखा आवाज आला. "मग चूक दुरुस्त कर, पोरी. आणि फोनवर रडू नकोस. इथे खिडकीतून फक्त दुसरी खिडकी दिसते. मला कोणी रडलेलं ऐकायची ताकद नाही."

मी नीट माफीही मागू शकले नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊस उघडला. वाट चालण्याजोगी झाल्याचं एव्हेलियोकाकांचा पुतण्या सांगून गेला. शनिवारी जायचं ठरवलं. दोन साक्षीदार हवेत, म्हणजे तेच दोघे.

एव्हेलियोकाका म्हणाले, "मी सही करतो आणि चुलतभावाकडे जातो. वासरू बघायचंय."

"ते विकलं ना?"

"मग कोंबड्या बघेन."

त्यांना हल्ली त्या घराची फार ओढ आहे. वय झालं की नाती आठवत असावीत.

या आठवड्यात घरभेटी रोज दोन जास्त केल्या. आजीच्या घरावरून जाताना तक्त्यात लिहिलं: घर बंद. पाण्याच्या रकान्यात, नियमाप्रमाणे, घरात नळ आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मसुदा पुरा केला. अर्जासोबत जायचं ते वाक्य असं: "यंत्र माझ्याजवळ होते, मी ते वापरले नाही, याला दुसरे कोणी जबाबदार नाही." हे माझ्या नोकरीच्या कागदांत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. जाऊ दे. संगणकात निदान माझं एक तरी खरं वाक्य राहील.

साक्षीदाराने कशावर सही करायची हे त्याला आधी माहीत असावं, म्हणून टँकर रिकामा होईपर्यंत थांबले आणि ओल्हेर यांना वाचून दाखवलं. बायका बादल्या घेऊन पांगल्या होत्या. सोराइदा मात्र एकच बादली धुवत बसली होती.

ते नळी गुंडाळत होते. ऐकून थांबले.

"एक दुरुस्ती आहे," म्हणाले.

"कुठे?"

"'दुसरे कोणी जबाबदार नाही' तिथे. यंत्र मी पाहिलं होतं. पिशवीतून त्याची पिवळी दोरी बाहेर लोंबत होती."

मला वाटलं ते माझी बाजू घ्यायला काहीतरी रचतायत. पण दोरी पिवळीच आहे.

"मग आठवण का केली नाहीत?"

त्यांनी नळी खांद्यावरून खाली ठेवली. हात विजारीला पुसले, दोनदा.

"केली असती तर काम झालं असतं. मग खाली उतरावं लागलं असतं."

मी मसुद्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. त्यांचे कान लाल झाले होते; ऊन होतं.

"आजींना न्यायला नको होतं," ते म्हणाले. "त्या दिवसापासून झोप नाही मला. सहीच्या वर माझंही लिहा. टँकर कंपनी काय करायचं ते करेल."

"तुम्हाला लवकर पाठवतील ग्वानाकास्तेला."

"पाठवतील." मग नळी पुन्हा उचलत, "तिकडेही शनिवार-रविवार सुट्टी असते. बस असते. सात तास लागतात, पण असते."

सोराइदा बादली आपटून म्हणाली, "अहो, आता तरी कोणीतरी काहीतरी बोला! माझी बादली झिजली!"

ते हसले. मीही हसले बहुतेक. मग घरी आले आणि ही नोंद लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं की दहा घरांपैकी एकाही घरी आज गेले नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा. याचं कारणही लिहायला हवं, पण ते आधी मला नीट कळू दे.

अर्जात त्यांचं वाक्य जोडलं. माझं काढलं नाही. दोन्ही खरी आहेत. हाइरोला फोन करून सांगितलं की अर्ज तीसच्या आत पोचेल, मी स्वतः बसने राजधानीला जाऊन देणार. तो म्हणाला, ईस्टरपर्यंत पाणी आलं तर आईला परत आणतो. मागून आजीचा आवाज ऐकू आला: "शपथेवर सांग म्हणावं!" मी शपथेवर सांगितलं. चार महिने आहेत. चर खणायला पस्तीस घरं. नळ लागला की टँकर यायचा थांबेल. या दोन ओळी मी आज प्रथमच एकीखाली एक लिहून पाहते आहे.

उद्या: झऱ्यावर पोचताच, बसण्याआधी, आकडे घेणे.